धुणारणीची माती

माशी आधी डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात बसते. ओठांकडे ती नंतर येते, नाकपुडीकडे त्याहून नंतर. त्या कोपऱ्यात ओल असते, आणि मेलेल्या माणसाची पापणी तिला हाकलत नाही. लग्न होऊन या घरात आल्यापासून सुनेने हे इतक्या चेहऱ्यांवर पाहिलं होतं, की माशी कुठे बसलीय यावरून माणूस केव्हा गेला असेल ते ती ताडायची. त्या सकाळी गरम पाण्याचं भांडं घेऊन ती सासूच्या खाटेपाशी आली, तेव्हा माशी डोळ्याच्या कोपऱ्यातच होती. म्हातारी नुकतीच गेली होती.

सुनेने भांडं खाली ठेवलं. माशी उडवली. जुन्या चादरीची पट्टी फाडून हनुवटीखालून घेतली आणि डोक्यावर गाठ मारली. जबडा उघडा राहून ताठला, तर मग मिटत नाही. हे म्हातारीनेच शिकवलेलं.

"अहो," तिने हाक मारली, "आई गेल्या."

नवरा दारापुढे टिकावाच्या दांड्यात पाचर ठोकत बसला होता. हातोडा तसाच धरून तो आत आला. आईच्या पायाला हात लावून पाहिला, जसा कुणी तवा तापलाय का पाहतो. मग म्हणाला, "वर विचारून येतो."

"बसा तरी जरा जवळ."

"ऊन चढेल," तो म्हणाला आणि पायात चपला अडकवून गेला.

घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. दोन खोल्या, मागे परसात घेवड्याचे वेल आणि एक शेळी. घर त्यांचं होतं आणि नव्हतंही. टेकडीवरच्या प्रार्थनाघराने ते पिढ्यांपूर्वी कामापोटी दिलेलं: पुरुषांनी गावासाठी खड्डे खणायचे, बायकांनी मेलेल्यांना धुवायचं, आणि काम चालू आहे तोवर राहायचं. पुढे रस्त्यालगत दुसरं प्रार्थनाघर झालं, काचेच्या दारांचं. लोक एकाला वरचं म्हणू लागले, दुसऱ्याला खालचं. देव एकच, पुस्तकही एकच. भांडण होतं ते बसायचं कसं, गायचं कुठल्या चालीत आणि कुणाच्या पाठीमागे, यावरून. दोघांच्या दफनभूमी वेगळ्या होत्या, पण खणणारा माणूस एकच होता. धुणाऱ्या बायकाही याच घरातल्या.

या घराचा एक नियम होता. खड्ड्याची जागा ठरून तिथे पहिला टिकाव पडल्याशिवाय प्रेताला पाणी लावायचं नाही. ओलं अंग उन्हाळ्यात कोरड्यापेक्षा लवकर नासतं, हे एक कारण. दुसरं म्हातारी सांगायची: "धुतलेल्या माणसाला ताटकळत ठेवणं म्हणजे पाहुण्याला पाटावर बसवून वाढायला विसरणं." त्यामुळे सुनेने धुण्यासाठी पाणी तापवलं नाही. खिडकीला ओलं गोणपाट लावलं, शेळीला बाहेर बांधलं आणि खाटेजवळ बसून माशा वारत राहिली.

नवरा परत आला तेव्हा त्याची मान तापून लाल झाली होती.

"काय म्हणाले?"

"बघू म्हणाले."

"बघू म्हणजे?"

"कमिटी बसेल."

"कशाला बसेल? बाई मेलीय, पूल नाही बांधायचा."

तो गटागटा पाणी प्याला. गावात त्यालाच 'बघू' म्हणत. काहीही विचारा, त्याचं उत्तर ठरलेलं. माहेरच्या रोपवाटिकेवर कामाला चला, हा धंदा सोडा, असं बायको कितीदा म्हणाली असेल; तो म्हणे, बघू. कधी म्हणे, घर जाईल. मग पुन्हा बघू.

"खालच्या बोर्डावर तिचा फोटो आहे," तो शेवटी म्हणाला. "बाबा म्हणतात, जिचा फोटो खाली, तिची माती खाली."

बाबा म्हणजे वरच्या प्रार्थनाघराचे प्रमुख. आणि फोटो खरंच होता. खालच्यांनी डोळ्यांचं शिबिर भरवलं होतं. म्हातारीचा एक मोतीबिंदू काढला, आणि एका डोळ्याला पट्टी बांधलेली, बोळक्या तोंडाने हसणारी म्हातारी भिंतीएवढी करून रस्त्यावर लावली. खाली लिहिलं, 'हिला उजेड मिळाला.' म्हातारीला त्याची फार मौज वाटायची. "एक डोळा त्यांचा, एक वरच्यांचा," ती म्हणायची, "आता दोघांनाही माझ्यावर नजर ठेवता येईल."

ती दोन्हीकडे जायची. वर तिची जागा दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ होती, कारण प्रेताला लागलेले हात. तिच्या सासूचीही तिथेच होती. खाली तिला दुसऱ्या रांगेत पंख्याखाली पाठीची खुर्ची दिली होती, बसायला उशी. मागे एकदा विद्यापीठातली एक मुलगी गावोगाव हिंडून माणसं देवाला का जातात ते विचारत होती. म्हातारीने तिला शेळीचं दूध प्यायला दिलं आणि सांगितलं, "वर माझी माणसं पुरलीत. खाली माझी पाठ टेकते." मुलीने हे कुठल्या रकान्यात बसतं ते बराच वेळ शोधलं. मग दूध पिऊन गेली.

"खाली जाऊ," सून म्हणाली. "मीही येते. तुम्ही एकटे गेलात तर परत बघूच घेऊन याल."

शेजारणीला खाटेपाशी बसवून दोघं रस्त्याने निघाली. डांबर मऊ पडलं होतं, चपला चिकटत होत्या. खालच्या प्रार्थनाघरात आत पाऊल टाकताच अंगावरचा घाम गार झाला. टेबलाशी बसलेल्या मुलीने नवऱ्याच्या पायांकडे पाहिलं, उठली, खुर्चीपुढे वर्तमानपत्र पसरलं आणि म्हणाली, "याच्यावर ठेवा हं पाय." मग त्यांना विसरून गेली. नवरा पाय जुळवून कागदाच्या मधोमध ठेवून बसला. कडेला सरकू नयेत म्हणून त्याने गुडघे हातांनी धरले होते.

भाऊ आले, त्यांनी नवऱ्याशी हात मिळवला. खालच्या प्रार्थनाघराचे ते प्रमुख; सगळे त्यांना भाऊच म्हणत. पांढरा शर्ट, कॉलरला अडकवलेला छोटा माइक. कार्यालयातही ते तो काढत नसत.

"ताई," भाऊंनी दोन्ही हात छातीवर ठेवले, "ऐकलं मी. आमची आईच गेली. आज संध्याकाळी आम्ही सगळे तिच्यासाठी डोळे मिटणार."

"जागा हवीय, भाऊ," सून म्हणाली. "वरचे नाही म्हणतात."

"म्हणणारच ते. मन छोटं आहे त्यांचं." भाऊ हसले. "आमच्याकडे तसं नाही. फक्त एक अडचण आहे. तिने हात वर केला नव्हता."

"कसला हात?"

"सगळ्यांसमोर उभं राहून उजवा हात वर करायचा, की मी इथली. मग माणूस आमचं. जागा, शेवटची प्रार्थना, दगड, सगळं आमच्याकडे. दोनदा विचारलं मी तिला. स्टेजवरून. हसली आणि बसून राहिली."

"त्यांचा खांदा धरला होता. उजवा हात कानापर्यंत जात नव्हता. आयुष्यभर जड माणसं कुशीवर वळवली. केसही मीच विंचरायचे."

"अरेरे," भाऊ म्हणाले. थोडा विचार केला. "मग डावा करायचा."

नवऱ्याने पहिल्यांदाच मान वर केली. पण बोलली सूनच. "डाव्या हाताने आम्ही मेलेल्यांची घाण काढतो, भाऊ. तो देवापुढे कसा वर करतील?"

भाऊंच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. त्यांनी नकळत आपला हात पँटला पुसला, मघाशी नवऱ्याशी मिळवलेला. "मी मंडळाशी बोलतो," ते म्हणाले. "तोवर धीर धरा. आणि हो, त्या बोर्डाचं काही नाही ना? म्हणजे फोटो राहिला तर चालेल ना तुम्हाला?"

दुपारी नणंद आली. टेंपोतून उतरतानाच रडत होती, पण रडता रडता तिने टेंपोवाल्याशी घासाघीस करून रस्त्यावर उभ्या मासळीच्या गाडीतून बर्फही आणवला होता. तो गोणीत बांधून खाटेखाली ठेवला. बर्फाला मासळीचा वास होता, आणि वितळल्यावर जमिनीवर खवले तरंगू लागले.

"वहिनी, तुम्ही दोघं हातावर हात ठेवून बसलाय काय? दादा, तू गावाला मातीत घालतोस, आणि तुझ्या आईला माती मिळेना?"

"कमिटी बसणार आहे," दादा म्हणाला.

"बसू दे. बसून बसून पाय मोडू देत त्यांचे."

संध्याकाळ झाली. वरची घंटा वाजली आणि खालचा स्पीकर लागला. स्पीकरवर भाऊंचा आवाज म्हातारीबद्दल सांगत होता, तिला मिळालेल्या उजेडाबद्दल. सूर चढला, लोक रडल्याचे आवाज आले. इथे नणंदेने गोणी पिळून पाणी अंगणात फेकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनेने चादर वर करून पाहिलं. पोटाच्या उजव्या बाजूला, खाली, हिरवट डाग उठला होता. तो तिथूनच सुरू होतो, आतडं तिथे कातडीच्या जवळ असतं. तिने चादर पुन्हा टाकली आणि हात धुतले. दिवस वर येईल तसा डाग पसरेल, मग पोट फुगेल, मग नाकातोंडातून यायला लागेल. हे सगळं तिला ठाऊक होतं, पण परक्या घरांत. तिथे ती एवढ्यासाठीच लवकर बोलावलं नाही म्हणून लोकांवर मनातून चिडायची.

उन्हं तापायच्या आधीच वरचा किल्लीवाला आला. दफनभूमीच्या फाटकाची किल्ली त्याच्याकडे असे. नाकाला रुमाल लावून तो कुंपणाबाहेरच थांबला. नवरा लगबगीने पुढे गेला.

"ठरलं का?"

"हो. गिरणीवाल्याचे वडील गेले पहाटे. दोघांनाही बोलावलंय. वहिनींना घरी, तुला वर."

"आणि आईचं?"

"ते वेगळं रे. ते बसतील तेव्हा बसतील."

"त्यांची जागा लगेच ठरली?" सुनेने विचारलं.

"त्यांची कधीच ठरलेली होती. झाडाखालची." किल्लीवाल्याने रुमाल घट्ट दाबला. "चला लवकर. त्यांच्याकडे पाहुणे यायचेत. वास सुटायला नको."

नणंद आतून ओरडली, "जाऊ नका, वहिनी! त्यांना म्हणावं, स्वतः धुवा आपला बाप!"

नवऱ्याने टिकाव खांद्यावर टाकला होता. बायकोकडे न बघता तो म्हणाला, "नाही म्हटलं तर आईचं पुरतंच अडेल."

तिला ते पटलं, म्हणून तिला स्वतःचीच किळस आली. तिने साबणाची पिशवी घेतली.

गिरणीवाल्याच्या घरात कूलर लावला होता. म्हातारा पलंगावर स्वच्छ, कोरडा, झोपल्यासारखा पडला होता. मालकीणबाईने न्हाणीघरातली बादली दिली नाही. परसातली, कुत्र्याच्या पाण्याची दिली. "ही नंतर घेऊन जा तू," ती म्हणाली. मग जवळ येऊन थबकली. "हात नीट धुतलेस ना? तुमच्याकडे ते... अजून आहे म्हणतात."

"आहेत," सून म्हणाली.

"कपड्यांना वास येतोय गं तुझ्या."

 सुनेने पाण्याचा अंदाज कोपराने घेतला, न फार कढत, न कोमट. आधी चेहरा, मग मान, मग हात. म्हाताऱ्याच्या कानामागच्या सुरकुतीत पीठ होतं, गिरणीत जायचं सोडून वर्षं झाली तरी. ते तिने कापडाच्या टोकाने काढलं. नखांखालचं काढलं. त्याला कुशीवर वळवताना तिचा उजवा खांदा कळवळला, आणि तिने डाव्या हाताने त्याची घाण पुसली. मालकीणबाई दारात पाठमोरी उभी राहून फोनवर खुर्च्या मागवत होती.

रिवाजाप्रमाणे उरलेलं पाणी घेऊन सून दफनभूमीच्या फाटकापर्यंत गेली. उतारावर नवरा खड्ड्यात कमरेइतका उतरला होता. जमीन भाजल्यासारखी कडक झाली होती. टिकाव पडला की ठिणगी उडे, आणि हाताएवढं ढेकूळ निघायला पाच-सहा घाव लागत. त्याच्या पाठीवर घामाने मातीचे ओघळ आले होते. बाबा छत्री धरून कडेला उभे होते. आपल्या सावलीत खड्डा येतो का याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

"बाबा," खालून नवरा म्हणाला, "आईचं तेवढं..."

"पुण्यवान बाई तुझी आई. मी नाही म्हणतोय का?" बाबांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. "पण शिस्त काही असते की नाही? आज तिला घेतलं तर उद्या सगळे डोळे खाली दाखवतील, गुडघे खाली दाखवतील, आणि मरायला तेवढे वर येतील. मग आमच्याकडे उरणार काय? नुसती मढी?"

"बाबा, पोट फुगायला लागलंय तिचं."

"अरे, इथे तरी तसं बोलू नये," बाबा म्हणाले. "लोक येतायत." मग खड्ड्यात डोकावून, "ती कड जरा सरळ कर."

नवऱ्याने कड सरळ केली. फाटकाशी उभ्या बायकोने ते पाहिलं, आणि हातातलं पाणी तिने ओतायच्या जागी न ओतता वाटेवर भिरकावलं. बाबांच्या पायजम्यावर चार थेंब उडाले.

घर दिसायच्या आधी वास लागला. गोडसर, जड, टाळूला चिकटणारा. शेजाऱ्यांनी खिडक्या लावून घेतल्या होत्या. नणंद शेळीच्या खुंट्याजवळ ओणवी होऊन ओकत होती. तोंड पुसून ती म्हणाली, "मी सकाळी फोनवर सगळं बोलून टाकलं, वहिनी. व्हिडिओ केला. गावाला धुणारीला कोणी माती देईना म्हणून सांगितलं. टाकला सगळीकडे. जळू दे तोंड त्यांचं."

सून आत गेली. बर्फ केव्हाच वितळला होता आणि खाटेखाली खवल्यांचं पाणी साचलं होतं. म्हातारीचं पोट चादर उचलून धरत होतं. हनुवटीच्या पट्टीवरून तांबूस पाणी गळून उशीत जिरलं होतं. गालाची कातडी चकाकत होती. माशा आता कोपरा वगैरे शोधत नव्हत्या. त्या सगळीकडे होत्या. त्या चेहऱ्यावर बोर्डावरची म्हातारी शोधूनही सापडत नव्हती.

सुनेने चूल पेटवली आणि मोठं पातेलं चढवलं.

"जागा ठरली?" नणंदेने दारातून विचारलं.

"नाही."

"मग पाणी कशाला?"

"तुम्ही साबण आणा, वन्सं. नवी वडी."

नवरा येऊन उंबऱ्याशी थांबला होता. टिकाव अजून खांद्यावरच. "अगं," तो म्हणाला, "जागा नाही ठरली."

"दिसतंय मला."

"आईनेच शिकवलेला नियम..."

"मग त्यांनाच विचारा. या इकडे. विचारा, मोडू का म्हणून."

तो हलला नाही.

"गिरणीवाल्याच्या बापाच्या कानामागचं पीठ काढून आले मी आत्ता," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "कुत्र्याच्या बादलीतलं पाणी घेऊन. आणि तुम्ही त्याची कड सरळ करून आलात. आता मी यांना धुणार. धुऊन झालं की या थांबणार नाहीत. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

तिने पट्टी सोडली. अशा अंगाला घासायचं नसतं, टिपायचं असतं. तरी दंडाजवळ कापड लावलं तिथे कातडीचा पापुद्रा सुटून कापडाला आला. तिने तो कापडासकट पाण्यात सोडला आणि नवं कापड घेतलं. नणंद डोळे मिटून पाणी ओतत होती, आणि मध्येच तोंड फिरवून उबळ गिळत होती. पोटावर हात ठेवताच आतून हवा सरली आणि तोंडातून पुन्हा पाणी आलं. सुनेने मान कलती करून ते वाहू दिलं, पुसलं, पुन्हा वाहू दिलं. उजवा हात बाजूला घ्यायचा होता. ताठरपणा उतरून गेला होता, त्यामुळे हात सहज वर गेला, कानाच्याही वर. ती क्षणभर तशीच थांबली. मग शिवी हासडून तिने हात खाली घेतला आणि काखेत साबण लावला.

कधी तरी तिच्या लक्षात आलं, की उंबऱ्यात कुणी नाही. मागच्या बाजूने आवाज येत होता. टिकावाचा नव्हे, फावड्याचा. परसातली माती रोजच्या पाण्याने मऊ होती.

तिने स्वच्छ चादर उलगडली.

ऊन कलताना ते सगळे एकदम आले, जणू ठरवून. खालून भाऊ, त्यांच्यामागे फोन उंच धरलेला एक तरुण, आणि फुलांच्या परड्या घेतलेल्या बायका. वरून बाबा, कमिटीचे तिघे-चौघे आणि किल्लीवाला. व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला होता. कुंपणाशी दोन्ही घोळके समोरासमोर आले आणि वाऱ्याची दिशा लक्षात येताच दोन्ही एकाच बाजूला सरकले. भाऊंच्या माणसाने खिशातून डबी काढून हवेत गुलाबाचा फवारा मारला. न्हाणीघरात मारतात तो. वास गेला नाही. मढं गुलाबाचं झालं. परडी धरलेली एक बाई कुंपणावर वाकली आणि त्या परडीतच ओकली.

नणंद दार ओढून घेऊन उंबऱ्यावर बसली.

"ताई," भाऊंनी तिला हात जोडले, "आईला न्यायला आलोय. मंडळाने मान्य केलंय. पहिल्या रांगेतली जागा."

"पहिल्या रांगेतली?" बाबा पुढे झाले. "ही बाई आयुष्यभर आमच्या दारात बसली."

"दारातच," नणंद म्हणाली. "चपलांपाशी."

"अगं, बसायची जागा देव बघत नाही."

"मग तुम्हीच बसायचं होतं तिथे."

"वाद कशाला?" भाऊ म्हणाले. फोनवाला त्यांच्या तोंडासमोर आला तसा त्यांचा आवाज मऊ झाला. "तिने हात वर केला नसेल, पण मनात केला होता. मी तिच्या डोळ्यात पाहिलं होतं."

"कुठल्या डोळ्यात? ऑपरेशनच्या की दुसऱ्या?"

कुंपणाबाहेर कुणीतरी फिसकन हसलं.

"हिचं माणूस गेलंय, हिला कळत नाहीये काय बोलतेय," बाबा कमिटीला म्हणाले, आणि मग भाऊंकडे वळले. "बोर्ड उतरवा आधी. मग बोला."

"बोर्डाचा काय संबंध?"

"बोर्ड उतरवत असाल, तर प्रार्थना तुमची होऊ दे. जागा आमची. दगडावर आमचं चिन्ह."

"चिन्ह दोन्हीकडचं. आणि पहिली प्रार्थना आमची, दुसरी तुमची."

"दुसरी? आम्ही दुसरे?"

"बरं, एकाच वेळी. पण स्पीकर आमचा."

नणंद गुडघ्यांवर हनुवटी टेकून ऐकत राहिली. मधूनच काहीतरी टोचून बोलायची, म्हणजे सौदा पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायचा. तिच्या पाठीमागे, बंद दाराआड, काय चाललं आहे ते तिला ठाऊक होतं.

मागच्या दाराने नवरा-बायकोने म्हातारीला फळीवर घालून नेलं. वेल बाजूला सारलेले होते. खड्डा खोल होता, कडा सरळ. फळी दोराने सोडली. म्हातारी जड नव्हती, पण ओल चादरीतून दोरावर आली, दोघांच्या हातांना लागली, आणि ते हात पुसायला कुणी थांबलं नाही. पुढून भाऊंचा आणि बाबांचा आवाज येत होता. सुनेला शेवटची प्रार्थना पाठ होती. दोन्ही चालींत पाठ होती, दोन्हीकडे इतकी प्रेतं पोहोचवलेली. तिने तोंड उघडलं आणि कुठली चाल लावावी ते तिला सुचेना. मग तिने चाल न लावता, कुणाला बाजारातलं सामान सांगावं तशी, ती शब्दाशब्दाने म्हणून टाकली. नवऱ्याने शेवटच्या ओळीला मान हलवली आणि फावडं उचललं. मऊ माती आवाज न करता पडत गेली.

पुढे आता दगडाच्या रंगावर आलं होतं. तेवढ्यात घराच्या कडेने नवरा आला. गुडघ्यापासून छातीपर्यंत माती, हातात फावडं. त्याच्या अंगाचा वास त्याच्याआधी आला आणि दोन्ही घोळके मागे सरले. फोनवाला तेवढा पुढे आला, मग तोही मागे गेला.

"कुठे होतास?" बाबा म्हणाले. "ठरत आलंय. चल, वर जागा आखून देतो."

"झालं," तो म्हणाला.

"काय झालं?"

"परसात घातली तिला."

 मग कमिटीतल्या एकाने घराच्या कडेने जाऊन डोकावून पाहिलं, आणि परत येऊन बाबांच्या कानात सांगितलं. बाबांचा चेहरा हळूहळू तांबडा झाला.

"परस कुणाचं?" ते म्हणाले. "ही जागा कुणाची आहे, माहीत आहे ना? प्रार्थनाघराची. काम आहे तोवर घर. तुझ्या आज्यापणज्यापासून. इथे कुणाला पुरायचं आणि कुणाला नाही हे तू ठरवणार?"

भाऊंनी एक पाऊल पुढे टाकलं, कुणाची बाजू घ्यावी ते न कळल्यासारखे, आणि थांबले. बायको घराच्या कडेशी येऊन उभी राहिली होती. नवरा काय म्हणणार हे तिला ठाऊक होतं. तोच शब्द ती इतकी वर्षं ऐकत आली होती.

त्याने फावड्याचं पातं पायाने स्वच्छ केलं आणि ते बाबांच्या पुढ्यात जमिनीवर ठेवलं.

"जागा तुमची तर घ्या," तो म्हणाला. "उद्याच घ्या. आई मातीखाली आहे. तिला काढायची असेल तर दुसरा माणूस शोधा. मी आता खणणार नाही. वरही नाही, खालीही नाही. ही पण धुणार नाही."

आणि बाबा काही बोलायच्या आत, कधी नव्हे तो आवाज चढवून, कुंपणापलीकडच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं तो म्हणाला, "तुमची मढी तुम्ही उचला."